दार लागलं की सुरू होणारं भुंकणं

या महिन्याच्या टपालात ठाणे आणि नवी मुंबईची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच: क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवून दार लावलं की पिल्लू भुंकतं. तक्रार एक असली तरी दुखणं एक नाही. लघवीला लागलेलं पिल्लू, कंटाळलेलं पिल्लू, घाबरलेलं पिल्लू आणि खिडकीतल्या कबुतरावर चिडलेलं पिल्लू बाहेरून सारखंच ऐकू येतं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की गाडी बिघडते. म्हणून निवडक प्रश्नच सविस्तर घेतले आहेत.

प्रश्न: आमच्याकडे दहा आठवड्यांची लॅब्रॅडॉर मादी आहे, बिस्किट. आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी ४२ इंची क्रेट घेतला. रात्री तिला हॉलमध्ये क्रेटमध्ये ठेवून आम्ही बेडरूममध्ये झोपतो. दहाव्या मिनिटाला भुंकणं सुरू. ‘रडू द्या, तीन रात्रींत गप्प होईल,’ असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. चाळीस मिनिटं दम धरला, शेवटी बाहेर काढलं. आता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागलेत. आमचं काय चुकतंय?
— वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: तीन गोष्टी चुकताहेत, आणि तिन्ही एकदम सुधारल्या तरच फरक पडेल.

पहिली, जागा. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत बिस्किट भावंडांच्या ढिगात झोपत होती. तिला एकदम अंधाऱ्या हॉलमध्ये एकटं ठेवलं तर ती हाका मारणारच. क्रेट बेडरूममध्ये आणा, पलंगावरून हात खाली सोडला तर जाळीला लागेल इतका जवळ. सात-आठ शांत रात्री गेल्या की दर दोन-तीन रात्रींनी दोन फूट दाराकडे सरकवा. साधारण तीन आठवड्यांत क्रेट हॉलमध्ये जातो. ‘अशानं लाडावेल’ ही भीती मनातून काढा. रात्रीची सोबत आणि दिवसाचा एकटेपणाचा सराव हे दोन वेगळे धडे आहेत.

दुसरी, लघवी. पिल्लाचं वय महिन्यांत मोजा, त्यात एक मिळवा. तेवढे तास म्हणजे त्याच्या धरून ठेवण्याची कमाल मर्यादा. बिस्किटला रात्री तीन तास, जागेपणी त्याहून बरेच कमी. त्यात ४२ इंची क्रेट मोठ्या लॅब्रॅडॉरला योग्य असला तरी या वयाला तो वन-आरकेसारखा आहे: एका कोपऱ्यात झोपायचं, दुसऱ्यात ओलं करायचं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा, त्यात चार इंच मिळवा आणि तेवढीच लांबी मोकळी ठेवून बाकीची जागा क्रेटसोबत येणाऱ्या जाळीच्या पार्टिशननं बंद करा. पुठ्ठ्याचं खोकं सारून जागा भरू नका, दोन दिवसांत त्याचा भुगा होईल आणि त्यातला थोडा पोटात जाईल.

रात्री अकराला शेवटची लघवी, मग दोनचा गजर. तिनं भुंकायच्या आधी तुम्ही उठायचं, म्हणजे भुंकणं ही तुम्हाला उठवायची बेल ठरत नाही. मोठा दिवा नाही, गप्पा नाहीत, खेळ नाही. पट्टा लावून लघवीच्या ट्रेपाशी न्या, पाच मिनिटं उभे राहा, झालं की हळूच ‘शाब्बास’ म्हणून परत आत. पाचला पुन्हा. दर चार-पाच रात्रींनी गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला. लशींचे डोस साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ते पूर्ण होईपर्यंत आवारात भटकी कुत्री जिथे फिरतात त्या मातीवर तिला सोडू नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूची भीती असते. तोवर ट्रेच बरा. क्रेटमध्ये लघवी झालीच तर काळं फिनेल वापरू नका. ते चाटण्यात गेलं तर विषारी, आणि खालचा वासही जात नाही. एन्झाइमवालं क्लीनर घ्या.

तिसरी चूक त्या चाळीस मिनिटांची. तुम्ही नकळत भाव ठरवून दिलात: चाळीस मिनिटं भुंकलं की दार उघडतं. पुढच्या वेळी तीस मिनिटांना ती थांबणार नाही, कारण सौदा तिला कळला आहे. शिवाय एखाद्या सवयीला फळ मिळेनासं झालं की ती सुटण्याआधी काही काळ वाढते. माणसं नेमकी त्याच टोकाला हार मानतात. म्हणून ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला फक्त एकाच परिस्थितीत लागू आहे: पोट भरलेलं, लघवी झालेली, उकडत नाही, भीती नाही, आणि ठेवलेला वेळ तिच्या सरावातला आहे. यातलं एक जरी कमी असेल तर दुर्लक्षातून ती एवढंच शिकते की बोलावलं तरी कुणी येत नाही.

आता दिवसाचा सराव कोऱ्या पाटीवरून सुरू करा. आत टाकताना पट्टा, हार्नेस, गळ्यातलं सगळं काढा. जाळीत अडकून गळफास बसतो.

पहिले दोन दिवस दार मागे सारून क्लिपनं अडकवून ठेवा. खाण्यातले दहा-बारा दाणे एकेक करून आत टाका, ती जाईल, खाईल, बाहेर येईल. असं पाच वेळा, दिवसातून तीनदा. जेवणाचा वाडगा आधी उंबऱ्याशी, मग मध्यावर, मग मागच्या भिंतीला. इथे पाय बघा. पुढचे पाय आत, मागचे बाहेर रोवलेले, पाठ ताणलेली आणि कान मागे, असं दिसलं तर घाई झाली. वाडगा एक वीत पुढे ओढा.

मग येते कडी. लोखंडी जाळीच्या क्रेटची कडी ‘खट्ट’ वाजते, क्रेटच्या तळाचा ट्रे खणखणतो, आणि पुष्कळ पिल्लं बंद होण्याला नाही तर या आवाजाला बिचकतात. ट्रेखाली रबराची चटई घाला. बिस्किट बाहेर असतानाच कडी वीसदा सरकवा आणि दर वेळी एक दाणा द्या. ‘खट्ट’ झालं की तिनं तुमच्या हाताकडे बघितलं, म्हणजे काम झालं.

त्यानंतर ती जेवत असताना दार लोटा, वाडगा रिकामा व्हायच्या आत उघडा. मग कडी लावून पाच सेकंद, दहा, वीस, परत आठ, तीस, पंधरा. वेळ दर खेपेला चढतच गेला तर पिल्लू धास्तावतं, म्हणून वर-खाली ठेवायचा. दोन मिनिटं तुम्ही शेजारी बसलेले असताना जमली की उठा. स्वयंपाकघरात जाऊन एक पेला विसळून या. मग दहा सेकंद नजरेआड, एक मिनिट, तीन, दोन, पाच. सलग पाच खेपा शांत गेल्या तर पुढची पायरी, भुंकली तर वेळ निम्म्यावर. एक बैठक पाच ते दहा मिनिटांची, दिवसातून तीन-चार. अर्ध्या तासापर्यंत पोहोचायला दोन ते चार आठवडे धरा. तिथून दीड तासापर्यंतचा प्रवास लवकर होतो, कारण तोवर ती आत झोपायला शिकलेली असते.

मध्येच भुंकली तर? भुंकण्याच्या दोन लाटांमध्ये श्वासाला उसंत असते. तीन सेकंदांची ती उसंत सापडली की मगच जा, आणि पुढचा वेळ कमी ठेवा. ‘गप्प बस!’ असं ओरडू नका. तिच्या बाजूनं बघाल तर तुम्हीही तिच्यासोबत भुंकायला लागलात.

वेळ निवडणं महत्त्वाचं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा ते वीस तास झोपतं. साधारण तासभर जागं, दोन तास झोप असा लय असतो. खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत लघवी-शी, मग पंधरा-वीस मिनिटं खेळ, डोळे जड झाले की क्रेट. ताजंतवानं पिल्लू आत कोंबलं तर ते भुंकणार, आणि तो दोष त्याचा नाही.

सोसायटीबद्दल. ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरी प्रत्यक्ष जा. ‘सकाळी दहा ते साडेदहा सराव असतो, महिनाभर थोडा आवाज होईल’ एवढं सांगितलं की निम्मा राग ओसरतो. महापालिकेचा परवाना आणि लशीचं कार्ड हाताशी ठेवा. पाळीव कुत्रं ठेवूच नका असा ठराव बहुमतानंही सोसायटीला करता येत नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण त्याच सूचना शेजाऱ्यांना, विशेषतः रात्री, त्रास होऊ नये याची जबाबदारी मालकावरही टाकतात. कागद दाखवायची वेळ न आलेली बरी.

प्रश्न: आम्ही दोघं सकाळी साडेआठला निघतो आणि सातला परततो. तीन महिन्यांचं बीगल आणलं आहे. क्रेटमध्ये पाणी, खेळणी सगळं ठेवतो, तरी शेजारी म्हणतात दिवसभर भुंकतं. किती दिवसांत सवय होईल?
— वाचक, कोपरखैरणे

उत्तर: होणार नाही, आणि व्हावी अशी अपेक्षाही करू नका. साडेदहा तास हे पूर्ण वाढलेल्या कुत्र्यालाही बंद क्रेटमध्ये फार झाले. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा सरावानंतर दोन ते तीन तास, ती हद्द. त्यापलीकडे ते स्वतःच्या घाणीत बसतं, आणि एकदा जागेत घाण करायची सवय लागली की स्वच्छतेचं सगळं शिक्षण उलटं फिरतं. प्राण्याला हालचालीला अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्येही बसतं, तेही ध्यानात असू द्या.

दोघांनी आलटून-पालटून रजा किंवा घरून काम घेऊन पहिले तीन आठवडे कुणीतरी घरी राहा. त्यानंतर बंद क्रेटऐवजी घेर करा. दोन फूट रुंदीच्या आठ जाळ्या जोडल्या की चार फूट बाय चार फुटांची जागा होते. एका कोपऱ्यात दार उघडं अडकवलेला क्रेट, समोरच्या कोपऱ्यात लघवीचा ट्रे, जाळीला अडकवायची पाण्याची वाटी. अंथरूण आणि ट्रे लांबात लांब कोपऱ्यांत हवेत, शेजारी ठेवले तर दोन्हींचा एकच उपयोग होतो.

तरीही दिवसातून किमान तीनदा माणूस यायला हवा. अकरा, दोन आणि साडेचार या वेळा धरा. प्रत्येक खेपेला वीस-पंचवीस मिनिटं: लघवी, खाणं, थोडा खेळ. कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, पण गृहीत धरू नका. कुत्र्याची भीती असलेल्या माणसाला पैशांसाठी हे करायला लावलं तर तिचेही हाल आणि पिल्लाचेही. मजल्यावर निवृत्त काका-काकू असतील तर त्यांच्याशी बोला. डे-केअरचा विचार लशी पूर्ण झाल्यावरच. यातलं काहीच जुळत नसेल तर पिल्लू आत्ताच दुसऱ्या चांगल्या घरी देणं हा पर्याय लाजिरवाणा नाही. तीन महिन्यांचं पिल्लू नव्या घरी पटकन रुळतं, वर्षभर एकटं भुंकलेलं नाही.

प्रश्न: पाच महिन्यांचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा, आहे. आम्ही घरात असलो की क्रेटमध्ये शांत झोपतो. बाहेर पडलो की पाच मिनिटांत लाळेनं छाती भिजते, जाळी चावतो. काल हिरडीतून रक्त आलं. आत ठेवलेल्या चिकनला तोंडसुद्धा लावत नाही. दुर्लक्ष करत राहायचं का?
— वाचक, नेरूळ

उत्तर: नाही. आजपासून तुम्ही बाहेर असताना क्रेटचं दार लावणं बंद करा. एरवी चिकनवर तुटून पडणारा कुत्रा एकटा असताना त्याकडे बघत नाही, ही सगळ्यात सोपी खूण आहे. हा हट्ट नाही, हा जिवाचा थरकाप आहे. अशा कुत्र्याला कोंडलं की दात तुटतात, नखं उपटली जातात, आणि भीती आधी एकटेपणाची असते ती क्रेटचीही होते.

जुना मोबाइल समोर ठेवून चित्रण करा आणि तुम्ही निघाल्यापासून कितव्या सेकंदाला बेचैनी सुरू होते ते बघा. कान ताठ, येरझारा, जांभया, ओठ चाटणं या भुंकण्याच्या आधीच्या पायऱ्या. पंचविसाव्या सेकंदाला जांभई आली तर तुमचा सराव पंधरा सेकंदांचा. दाराबाहेर पंधरा सेकंद, आत, काही न बोलता बसा, तो सैल पडला की पुन्हा. बऱ्याच कुत्र्यांची भीती तुम्ही दार ओढायच्या आधीच, किल्लीच्या आवाजाला सुरू होते. किल्ली उचला आणि टीव्ही बघत बसा. हेल्मेट घाला आणि चहा टाका. ऑफिसची बॅग खांद्याला लावून कपडे वाळत घाला. दिवसातून दहा-पंधरा वेळा, जोवर तो डोकं उचलायचं सोडत नाही तोवर.

या काळात त्याला सरावापेक्षा जास्त वेळ एकटं राहावं लागू नये, ही अट अवघड आहे पण तिच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं. एका घाबरलेल्या दुपारीत आठ दिवसांची मेहनत धुऊन निघते. जखमेसाठी डॉक्टरांकडे जालच, तेव्हा चित्रण दाखवा. वर्तनाचा अनुभव असलेले डॉक्टर गरज पडल्यास फ्लुऑक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि सराव सोबत चालू ठेवावाच लागतो. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देऊन बघू नका.

प्रश्न: घर लहान असल्यानं क्रेट गॅलरीत ठेवला आहे. घंटागाडी, लिफ्ट, कबुतरं, सगळ्यांवर भुंकतो. चादर टाकून झाकलं तर जास्तच.
— वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: गॅलरी म्हणजे पिल्लाला मिळालेली टेहळणीची माची. तो भुंकतो, घंटागाडी निघून जाते. त्याच्या हिशेबानं त्यानंच ती पळवली. रोज जिंकणारा पहारेकरी कशाला गप्प बसेल? क्रेट आत आणा, मुख्य दारापासून आणि लिफ्टच्या भिंतीपासून दूर, एक बाजू भिंतीला. पंखा मध्यम गतीवर ठेवला तरी बाहेरचे बारीक आवाज त्यात बुडतात. घंटागाडी यायची वेळ ठरलेली असते, तेव्हा मूठभर दाणे क्रेटमध्ये विखरून टाका, भुंकण्याच्या आधी. खाली नाक घालून दाणे हुंगणारं पिल्लू सहसा भुंकत नाही.

चादरीचं कारण बहुधा उकाडा. आपल्याकडच्या दमट हवेत कुत्र्याला जीभ बाहेर काढूनच अंग निववावं लागतं आणि जाड चादरीखाली तीही हवा कोंडते. झाकायचंच तर जुन्या सुती साडीचा एकेरी पदर, तीन बाजूंनी, पुढची बाजू उघडी. एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, पश्चिमेचं ऊन येणाऱ्या खिडकीपाशी क्रेट नकोच. एसी लावून बाहेर जाणार असाल तर वीज गेल्यावर ती खोली किती तापते ते आधी स्वतः बसून बघा.

प्रश्न: भुंकलं की झटका देणारा पट्टा ऑनलाइन मिळतो. कुणी पाण्याचा फवारा मारा म्हणतं, कुणी सर्दीचं औषध पाजा म्हणतं. यातलं काय चालेल?
— वाचक, ऐरोली

उत्तर: एकही नाही. पट्टा आवाज दाबतो, कारण तसंच ठेवतो. लघवी आलेली असताना झटका बसला तर पिल्लू लघवीला जाणं सांगायचंच बंद करतं. फवारा तुम्ही घरात असेपर्यंत चालतो आणि तक्रार तुम्ही नसतानाच्या भुंकण्याची आहे. माणसांच्या सर्दीच्या औषधांतले काही घटक कुत्र्याच्या जिवावर बेततात.

त्या पैशांत पोकळ, जाड रबराचं खेळणं घ्या, पिल्लाच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं. त्याच्या रोजच्या खाण्यातलेच भिजवलेले दोन चमचे दाणे, एक चमचा घट्ट बिनसाखरेचं दही, थोडा उकडलेला भोपळा कालवून भरा. पहिले चार-पाच दिवस तसंच द्या. ते चाटून संपवायचं कळलं की तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवून. सुरुवातीलाच दगडासारखं गोठवलं तर पिल्लू कंटाळून सोडतं आणि मालक म्हणतो ‘आमच्याकडे चालत नाही’. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आत जाऊ देऊ नका. शुगर-फ्री पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का बघा, ते कुत्र्याला विष आहे. शिजवलेलं हाडही नको. आणि हे खेळणं फक्त क्रेटमध्येच मिळालं पाहिजे. दिवसभर सोफ्याखाली लोळत असेल तर त्याची किंमत शून्य.

प्रश्न: सात महिन्यांची चिकू तीन तास क्रेटमध्ये आरामात राहायची. गणपतीला आठ दिवस गावी कोकणात नेली, घर भरलेलं होतं. परत आल्यापासून दहा मिनिटांत भुंकते. सगळं विसरली का?
— वाचक, खारघर

उत्तर: विसरली नाही, गंज चढलाय. आठ दिवस क्षणभरही एकटी नव्हती, त्यात हे वय वयात येण्याचं, जमलेल्या गोष्टी मध्येच बिघडण्याचं. आधी दोन गोष्टी तपासा. पोट: खोबरं, मोदक, पाहुण्यांच्या हातचं काहीबाही खाऊन शी पातळ झाली असेल तर ती बाहेर जायला भुंकते आहे. आणि माप: आत उभी राहिल्यावर डोकं वरच्या जाळीला टेकत असेल किंवा वळताना पाठ घासत असेल तर पार्टिशन काढा, तेही आधीच काढलं असेल तर क्रेट बदला.

दोन्ही ठीक असेल तर आत्ता जमतात त्याच्या निम्म्यापासून, म्हणजे पाच मिनिटांपासून सुरू करा. शिकलेल्या कुत्र्याला परत चढायला आठ-दहा दिवस पुरतात. दिवाळीपर्यंत दीड-दोन तासांवर आणा. फटाक्यांच्या संध्याकाळी मात्र सराव करू नका, त्या दिवशी कुणीतरी घरी थांबा. पुढच्या वर्षी घडीचा क्रेट गाडीत टाकून गावी न्या आणि तिथेही दुपारची झोप, अर्धा तास का होईना, माजघरातल्या गर्दीपासून लांब, त्यातच होऊ द्या.